हेडफोनपर्यंत पोहोचणारा आवाज : घरचा डिजिटल स्रोत नीट कसा करावा

महात्मा गांधी रोडवरच्या दुकानातून किंवा घरबसल्या मागवून आठ-दहा हजारांचा चांगला हेडफोन घेतला, पहिले काही दिवस कौतुकात गेले, आणि मग हळूहळू जाणवू लागले की आवाज चांगला आहे खरा, पण जितका अपेक्षिला होता तितका मोकळा नाही, अशी तक्रार नाशिकमधल्या अनेक श्रोत्यांकडून मी ऐकली आहे. अशा वेळी मिळणारा सल्ला बहुतेकदा खरेदीचा असतो. कोणी महागडी यूएसबी वायर सुचवते, कोणी मोठ्या आकड्यांचे नवे यंत्र. माझे म्हणणे वेगळे आहे. गाणे जिथून निघते तिथपासून कानापर्यंतचा मार्ग एकदा शांतपणे तपासावा आणि तपासताना दोनच प्रश्न विचारावेत. ध्वनिमुद्रणातले आकडे वाटेत कोणी बदलले आहेत का? आणि त्या आकड्यांचा पुन्हा आवाज होताना त्यात विजेचा गोंगाट मिसळला आहे का? बहुतेक घरांत दोष या दोहोंपैकी एका ठिकाणी सापडतो, आणि तो दूर करण्याचा खर्च हेडफोनच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो.

आकडे म्हणजे काय, हे आधी पाहू. मायक्रोफोन हवेच्या दाबातील चढउतारांची विद्युत लहर करतो. ती लहर ठरावीक, अत्यंत लहान अंतराने मोजून प्रत्येक मोजमाप लिहून ठेवणे, हेच डिजिटल ध्वनिमुद्रण. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून आखलेली आणि १९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी हे मोजमाप दर सेकंदाला ४४,१०० वेळा करते, डाव्या आणि उजव्या कानासाठी स्वतंत्रपणे, आणि प्रत्येक आकडा १६ बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक अशा १६ खुणांत, लिहिते. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट होतात. फाइलच्या माहितीत १४११ केबीपीएस असे दिसते ते हेच. ४४,१०० ही विचित्र वाटणारी संख्या आली ती त्या काळात असे आकडे व्हिडिओ टेपवर साठवत असत म्हणून. चित्राच्या ओळींमध्ये ते नेमके बसवण्याच्या हिशेबातून ती ठरली.

इथे एक गैरसमज मुळातूनच दूर करायला हवा. मोजमापांच्या मधली लहर हरवते आणि म्हणून डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो, असे चित्र अनेक जाहिरातींत काढलेले असते. ते चुकीचे आहे. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये ज्याचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये जो नीट मांडला, तो सिद्धांत असे सांगतो की ज्या लहरीत ठरावीक मर्यादेपेक्षा वरची कंपने नाहीत, ती लहर त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजली तर मोजमापांवरून मूळ लहर जशीच्या तशी पुन्हा उभी करता येते. माणसाचा कान तरुणपणी फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत, ऐकतो आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येते. सीडीची मर्यादा २२,०५० हर्ट्झ आहे. म्हणजे कानाला जे ऐकू येऊ शकते, ते सारे त्यात मावते.

बिटांचा हिशेबही तसाच सरळ आहे. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आवाजातला पल्ला डेसिबलमध्ये मोजतात, आणि प्रत्येक बिट त्यात सुमारे ६ डेसिबलची भर घालतो. त्यामुळे १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो आणि २४ बिटांत १४४. गंगापूर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत रात्री अकरा वाजता खिडक्या लावून बसले, तरी खोलीतली मूळ शांतता ३० डेसिबलच्या आसपास असते. तिच्यावर ९६ डेसिबल चढवले तर आवाज कानाला सहन होण्याच्या पलीकडे जातो. ध्वनिमुद्रण करताना २४ बिट फार उपयोगी आहेत, कारण तिथे पातळी आधी नेमकी ठरवता येत नाही. ऐकण्यासाठी मात्र १६ पुरतात, आणि याला प्रयोगांचाही आधार आहे. २००७ मध्ये ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च क्षमतेचे ध्वनिमुद्रण सीडीच्या मापातून गाळून ऐकवले असता श्रोत्यांची अचूक उत्तरे जवळपास पन्नास टक्के, म्हणजे नाणेफेकीइतकीच आली. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा अठरा प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला, त्यात हे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. फरक अगदीच नाही असे त्यावरून म्हणता येत नाही; पण तो इतका बारीक आहे की सुधारणेची सुरुवात तिथून करणे मला योग्य वाटत नाही. २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ लिहिलेली फाइल मिळाली तर अवश्य ऐकावी, ती नाही म्हणून मात्र खंत करू नये.

खरा फरक पडतो तो आकडे कमी करून साठवलेल्या फाइलींत. एमपीथ्री ही पद्धत जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेतील संशोधनातून पुढे आली आणि तिची कल्पना विलक्षण बुद्धिमान आहे. मोठ्या आवाजाशेजारचा लहान आवाज कानाला ऐकू येत नाही. मग तो लिहायचाच कशाला, असा तो विचार. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत सीडीच्या एक-अकरांश माहिती उरते. तबल्याच्या चाटीची धार, झांजांचा मागे रेंगाळणारा नाद, तंबोऱ्याच्या जवारीतली झणझण, गायकाच्या श्वासाभोवतीची खोलीची जाणीव या गोष्टी अशा फाइलीत आधी जातात, आणि हेडफोन जितका चांगला तितके त्यांचे जाणे अधिक कळते. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीत किंवा एएसी या तशाच दुसऱ्या पद्धतीच्या २५६ केबीपीएसच्या फाइलीत मात्र हा फरक ओळखणे कसलेल्या कानालाही बहुतेक वेळा अवघड जाते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

याउलट फ्लॅक आणि अ‍ॅपलची एएलएसी या पद्धती काहीही टाकून देत नाहीत. फ्लॅक २००१ मध्ये आली, एएलएसी २००४ मध्ये. त्या आकडे फक्त आटोपशीर बांधतात आणि ऐकताना अगदी मूळचे आकडे परत देतात. जागा साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश लागते. तासाभराची सीडी जशीच्या तशी उतरवली तर सुमारे ६३५ एमबी होते आणि फ्लॅकमध्ये तीच तीन-चारशे एमबीत मावते. २५६ जीबीच्या एका कार्डावर अशा सहा-सातशे सीडी राहतात. जागा वाचवण्यासाठी आवाज कापण्याची गरज आता घरच्या संग्रहाला उरलेली नाही.

एक सावधगिरी इथे फार महत्त्वाची आहे. फाइलीच्या नावापुढे फ्लॅक लिहिले म्हणून आतला माल तसाच असेल असे नाही. कोणीतरी एमपीथ्री घेऊन तिचीच फ्लॅक केलेली असते, आणि हा प्रकार ओळखीपाळखीत फिरणाऱ्या संग्रहांत भरपूर आढळतो. नाशिककरांना हे सांगायला उदाहरण शोधावे लागत नाही : बेदाणे पाण्यात भिजवले की फुगतात, पण त्यांची द्राक्षे होत नाहीत. फाइल मोठी होते, गेलेले परत येत नाही.

हे ओळखता मात्र येते. स्पेक नावाचा एक छोटा मोफत प्रोग्रॅम आहे. त्यात फाइल टाकली की गाण्याचे रंगीत चित्र उमटते. आडवा काळ, उभी कंपनसंख्या, आणि जिथे आवाज जास्त तिथे रंग उजळ. अस्सल सीडीवरून उतरवलेल्या फाइलीत रंगाची धग वर जाता जाता विरळ होत २०,००० हर्ट्झच्याही पुढे पोहोचते. झांज किंवा टाळ वाजले की वरपर्यंत उभ्या शलाका जातात. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीवरून फुगवलेल्या फाइलीत मात्र साधारणपणे १६,००० हर्ट्झच्या सुमारास पट्टी ठेवून कापल्यासारखी आडवी कड दिसते आणि तिच्यावर निखळ काळोख असतो, गाणे कितीही जोरात चालू असो. जुन्या ध्वनिमुद्रणांत वरचा भाग मुळातच नसतो, त्यामुळे चित्र बुटके दिसले एवढ्यावरून दोष देऊ नये. शंका घ्यावी ती सरळ, धारदार कडेची. काही जुन्या मुद्रणांत १५,६२५ हर्ट्झवर एक बारीक अखंड रेघ दिसते. ती जुन्या, नळीच्या टीव्ही पडद्याची शिट्टी असते, त्या खोलीत चालू असलेल्या यंत्रातून मुद्रणात शिरलेली. ती रेघ मला नेहमी आवडते. तो भाग कोणी कापला नसल्याची ती खूण असते.

फाइल अस्सल असली तरी एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो माझ्या मते सगळ्यांत मोठा आहे. ती कोणत्या प्रतीवरून केली? एकाच गाण्याच्या दोन अधिकृत प्रतींत जितका फरक असतो, तितका दोन यंत्रांत क्वचितच असतो. साधारण १९९० नंतर गाणी अधिकाधिक जोरात ऐकू यावीत म्हणून त्यांची शिखरे दाबून सरासरी पातळी वर चढवण्याची चढाओढ जगभर लागली. त्यात आघातांचा जीव जातो. नाशिक ढोलाचे उदाहरण घ्या. टिपरूचा पहिला ठोका पडतो तेव्हा पातळी एकदम उसळते आणि लगेच खाली येते. त्या उसळीतच ढोलाचे ढोलपण असते. गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत मोबाइलवर केलेले चित्रण घरी हेडफोनवर ऐकले तर ठोक्याऐवजी सपाट, फाटका थप्प असा आवाज येतो, कारण उसळीचा वरचा भाग मोबाइलने कापून टाकलेला असतो. अति दाबून तयार केलेल्या व्यावसायिक प्रतीत हेच, जरा सभ्यपणे, केलेले असते. कितीही उत्तम यंत्र आणले तरी ते परत मिळत नाही. म्हणून आवडते ध्वनिमुद्रण असेल तर त्याच्या जुन्या आणि नव्या दोन्ही प्रती ऐकून पाहाव्यात आणि नव्या आवृत्तीला आपोआप मोठेपणा देऊ नये.

जुन्या नाट्यसंगीताच्या बाबतीत हा मुद्दा आणखी ठळक होतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत आणि १९२५ नंतर विद्युत मुद्रण येईपर्यंत गायकाला कर्ण्यात गावे लागे. या तबकड्यांवरून केलेल्या डिजिटल प्रतींत खरखर काढण्याच्या उत्साहात आवाजाचा वरचा थरही पुष्कळदा काढला जातो, आणि मग गायक पाण्याखालून गातो आहे असे वाटू लागते. थोडी खरखर राहू दिलेली प्रत हेडफोनवर अधिक जिवंत लागते. काही मिनिटांत कान खरखरीला बाजूला सारतो, पण काढून टाकलेली धार कान परत भरू शकत नाही.

घरात जुन्या सीडी असतील तर त्या फेकण्याआधी उतरवून घ्याव्यात. विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी आणि मॅकवर एक्सएलडी हे प्रोग्रॅम प्रत्येक भाग काळजीपूर्वक वाचतात आणि आलेला निकाल इतरांनी त्याच सीडीवरून काढलेल्या निकालाशी ताडून पाहतात. जुळले तर आपल्याकडची प्रत बिनचूक आहे याची जवळजवळ खात्री मिळते.

कॅसेटचे काम अधिक हाताचे आहे. गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेतली भाषणे, गल्लीतल्या गणेशोत्सवातली गाणी, घरातल्या आजीच्या ओव्या अशा गोष्टी ज्या कॅसेटवर आहेत, त्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नसते. टेपरेकॉर्डरचे हेड आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. मग हेडशेजारचा लहान स्क्रू अगदी किंचित फिरवत, आवाज सर्वांत तेजस्वी लागेल तिथे थांबावे. ज्या यंत्रावर कॅसेट भरली होती त्याच्या हेडचा कल वेगळा असतो, आणि या एका स्क्रूने जितका फरक पडतो तितका नंतर संगणकावर कशानेही पडत नाही. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात मिळणारे माइकचे इनपुट बहुधा एकाच वाहिनीचे असते, त्यामुळे लाइन इनपुट असलेले छोटे यूएसबी यंत्र घ्यावे. मुद्रण २४ बिटांत करावे, शिखरे शून्याच्या, म्हणजे पट्टीवरच्या कमाल पातळीच्या, खाली दहा-बारा डेसिबलवर राहू द्यावीत, आणि पहिली प्रत जशी आली तशी फ्लॅकमध्ये ठेवून खरखर काढण्याचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत.

आता फोन आणि संगणक. आकडे बदलण्याचे सर्वाधिक प्रकार इथे घडतात आणि ते सुधारायला पैसे लागत नाहीत. स्ट्रीमिंगच्या अ‍ॅपमध्ये डेटा वाचवण्याचा पर्याय अनेकदा चालू असतो. मोबाइल डेटासाठी, घरच्या वायफायसाठी आणि डाउनलोडसाठी दर्जा वेगवेगळा निवडावा लागतो, तो तिन्ही ठिकाणी तपासावा. अ‍ॅपल म्युझिकने २०२१ पासून काहीही टाकून न दिलेल्या (लॉसलेस) दर्जाची गाणी जादा पैसे न घेता दिली आहेत, पण तो पर्याय सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावा लागतो. यूट्यूबवर चित्र कितीही स्पष्ट केले तरी नेहमीच्या गाण्याचा आवाज १२८ ते १६० केबीपीएसच्या आसपासच असतो. शोधासाठी ते उत्तम साधन आहे, संग्रहासाठी नाही.

यानंतर फोनमधले इक्वलायझर, सराउंड, बास वाढवणारे आणि आवाज खुलवण्याचा दावा करणारे सारे पर्याय बंद करावेत. हवे असतील तर नंतर जाणीवपूर्वक एकेक चालू करता येतात. विंडोजवर सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळले जातात आणि मिसळताना ते एकाच मापात आणले जातात. गाणे ४४,१०० चे आणि संगणकाचे माप ४८,००० चे असेल तर प्रत्येक आकडा नव्याने मोजून काढला जातो. हे रूपांतर आजकाल बरेच चांगले होते, त्यामुळे त्याची भीती नको, पण ते टाळणेही सोपे आहे. साउंड सेटिंगमध्ये यंत्राचे माप गाण्याइतके ठेवावे, किंवा फूबार२००० सारख्या प्लेअरमध्ये एक्सक्लुझिव्ह पद्धत निवडावी, म्हणजे प्लेअर मधल्या मिसळणीला वगळून आकडे थेट यंत्राला देतो आणि मध्येच सूचनेची टिंग वाजत नाही. मॅकवर हेच माप ऑडिओ मिडी सेटअपमध्ये बदलता येते. अँड्रॉइडचे बहुतेक फोन सारे काही ४८,००० च्या मापात आणतात. ते टाळायचे असेल तर यूएसबी यंत्राशी थेट बोलणारे प्लेअर मिळतात.

गाण्यागणिक पातळी सारखी करणारा पर्याय मात्र सरसकट बंद करण्याचे कारण नाही. तो शिखरे दाबत नसेल, फक्त पूर्ण गाण्याची पातळी वरखाली करत असेल, तर त्याने दर्जा बिघडत नाही. उलट जोरात भरलेल्या गाण्यांचा खोटा प्रभाव निघून जातो. संगणकावरचा आवाज कमी केला की बिट कमी होतात ही भीतीही २४ बिटांच्या यंत्राला लागू होत नाही, कारण खाली सरकायला तिथे भरपूर जागा असते.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. एसबीसी हा सर्वत्र चालणारा प्रकार चांगल्या स्थितीत सुमारे ३२८ केबीपीएस देतो, एलडॅक हा अधिक दर्जाचा प्रकार ३३०, ६६० किंवा ९९० केबीपीएसवर चालतो, आणि सीडीचे १४११ यांपैकी कशातच मावत नाहीत. चालताना, बसमध्ये ते पुरेसे आहे. घरी खुर्चीत बसून ऐकणाऱ्याने वायर वापरावी.

आकड्यांचे पुन्हा विद्युत लहरीत रूपांतर करणाऱ्या यंत्राला बाजारात डॅक म्हणतात. तो प्रत्येक फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये असतोच. हेडफोनचे भोक नसलेल्या फोनसाठी तो वायरीच्या शेंडीत बसवलेला मिळतो. हजार-दीड हजारांत मिळणाऱ्या या छोट्या डॅकची मोजमापे आज इतकी चांगली येतात की कमी ताकदीत चालणाऱ्या हेडफोनसाठी त्याहून पुढे जाण्याची गरज क्वचितच असते. घेताना एक गोष्ट मात्र दुकानदाराला स्पष्ट विचारावी : यात डॅक आहे, की नुसती भोकाचा आकार बदलणारी वायर? दोन्ही दिसायला सारख्याच असतात, आणि दुसरी अनेक फोनवर मुळीच चालत नाही.

यूएसबी वायरीविषयी इतके बोलले जाते की थोडे थांबून सांगतो. चांगल्या डॅकमध्ये स्वतःचे घड्याळ असते आणि आकडे किती वेगाने हवेत हे तोच संगणकाला कळवतो. त्यामुळे संगणकाच्या घड्याळातली अनियमितता आवाजात उतरत नाही. वायर खराब असेल तर आकडे हरवतात आणि टिकटिक, खंड किंवा पूर्ण शांतता ऐकू येते. स्वर कोमट होणे, गाभा हलका होणे, गायक मागे सरकणे असे परिणाम आकडे हरवून होत नाहीत. टिकटिक होत नसेल तर वायर आपले काम करते आहे.

विजेचा गोंगाट मात्र वायरीवरूनच येतो, आणि जुन्या नाशिकात तो वारंवार भेटतो. पंचवटीतल्या एका वाड्यात राहणाऱ्या परिचित काकांनी लॅपटॉप, त्याला यूएसबी डॅक आणि पुढे विजेवर चालणारा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर अशी मांडणी केली होती. गाणे थांबले की कानात बारीक गुंई ऐकू येई आणि लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला मनगट टेकले की झिणझिण्या येत. डॅक बदलायचा विचार चालला होता. मी म्हटले, "काका, आधी चार्जर काढून बघा." चार्जर निघताच गुंई थांबली. दोन बोर्डांपैकी एकाला अर्थिंग होते आणि दुसऱ्याच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून अगदी थोडा प्रवाह नेहमी गळत असतो. त्याला जमिनीत जायची वाट नसली की तो यूएसबी आणि ऑडिओ वायरीच्या वेष्टनातून, अ‍ॅम्प्लिफायरमार्गे, दुसऱ्या बोर्डाच्या अर्थिंगकडे जातो, आणि आपल्या विजेची ५० हर्ट्झची कंपने व त्यांची पटीतली भावंडे गाण्यात मिसळतात. वायरमनने बोर्डाचे अर्थिंग जोडले, सारे प्लग एकाच एक्स्टेन्शनवर आणले, आणि जुना डॅक तसाच ठेवून काम झाले.

म्हणून असा आवाज येत असेल तर पहिली तपासणी बॅटरीवर करावी. लॅपटॉप चार्जरविना चालवून गोंगाट गेला तर दोष विजेच्या वाटेत आहे. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो कदापि करू नये. आवाज जाईल, पण यंत्रात बिघाड झाल्यास धक्का माणसाला बसेल. अर्थिंग नीट असूनही गुंई राहिली तर ऑप्टिकल वायरीचा विचार करावा. ती आकडे प्रकाशातून नेते आणि तिच्यात धातू नसल्यामुळे गळका प्रवाह तिथेच थांबतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकताना खरखर वाढत असेल, तर इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे का ते पाहावे. शुद्ध साइन लहरीच्या इन्व्हर्टरवर हा त्रास बराच कमी होतो.

अ‍ॅम्प्लिफायर निवडताना ताकदीइतकेच त्याच्या आउटपुट इम्पीडन्सकडे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या प्रवाहाला होणाऱ्या त्याच्या आतल्या विरोधाकडे, लक्ष द्यावे. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा असा रूढ नियम आहे. ३२ ओहमच्या हेडफोनसाठी ४ ओहमच्या आत. हेडफोनचा इम्पीडन्स सर्व स्वरांना सारखा नसतो, आणि आउटपुट इम्पीडन्स जास्त असेल तर काही स्वरपट्टे फुगतात आणि काही दबतात. दोन यंत्रांतला जो फरक लोक डॅकच्या नावावर मांडतात, त्याचा उगम पुष्कळदा इथे असतो.

बदल केल्यावर तो खरोखर ऐकू येतो का, हे तपासण्याची एक शिस्त आहे. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी अधिक चांगला वाटतो, म्हणून दोन्ही बाजूंची पातळी ०.१ ते ०.२ डेसिबलच्या आत जुळवावी. फाइलींची तुलना असेल तर फूबार२००० मध्ये एबीएक्स नावाची जोड बसवता येते. ती कोणती फाइल वाजते आहे हे लपवून प्रत्येक वेळी ओळखायला लावते. सोळापैकी बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर आली तर ती निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. ही चाचणी सलग लांबवू नये, कारण दमलेला कान काहीच सांगत नाही. दोन फाइलींत फरक ओळखता आला नाही तर लहान फाइल निःशंकपणे फोनवर ठेवावी, मोठी घरच्या संग्रहात. आणि यंत्रांतही तो ओळखता आला नाही तर यंत्रासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून आधी हेडफोनच्या गाद्या बदलाव्यात : वर्षा-दोन वर्षांच्या वापराने त्या दबतात, कान आणि हेडफोनचा पडदा यांतले अंतर कमी होते, कडेची फट वाढते आणि खर्जातला भरीवपणा निघून जातो. काहीशे रुपयांच्या नव्या गाद्यांनी तो त्याच संध्याकाळी परत मिळतो.